नसीमकडचा मणी

शनिवारी सकाळी वैजयंती मगदूम ओट्यापाशी उभी राहून चहा गाळत होती, आणि त्याच वेळी तिच्याच आवाजात, तिच्याच चेहऱ्यानं दुसरंच कुणीतरी अख्ख्या कृष्णाकाठाला सांगत होतं की खडकाच्या डोहात सध्या मगर नाही, उद्याची होड्यांची शर्यत बघायला सगळ्यांनी तिथंच यावं.

तिचा नवरा भरतेश फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आला. गावात त्याचं पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. काही बिघडलं की आधी नीट बघायचं आणि मग बोलायचं, ही त्याची सवय. त्यानं व्हिडिओ दोनदा बघितला होता.

"डोहाबद्दल कधी टाकलंस तू?"

"मी आज काहीच टाकलं नाही अजून," वैजयंती म्हणाली आणि गाळणी तशीच ठेवून फोनकडे वळली.

पडद्यावर ती होती. हनुवटीवरचा तीळ, बोलताना चष्मा वर सारायची लकब, 'बरं का मंडळी' म्हणायची पद्धत, सगळं तिचंच. आणि खाली एक जाहिरात होती: उद्या मगर कुठल्या घाटावर वर येईल, त्यावर पैजा लावा.

वैजयंती अंकलगावच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. सात वर्षांपूर्वी तिनं 'मगर कुठाय' नावाचं खातं उघडलं होतं. नदीकाठचे मासेमार, पाणीपुरवठ्याचे पंपवाले, म्हशी धुणारी माणसं तिला रोज फोटो पाठवायची. ती ते तपासायची आणि कुठल्या घाटावर आज जायचं, कुठं जायचं नाही, ते रोज सकाळी सांगायची. लोक आधी हसले. मग दोन वेळा तिच्या सांगण्यामुळे माणसं वाचली आणि हसणं थांबलं. २०४१ सालच्या त्या श्रावणात काठावरच्या गावांतल्या बायका धुणं घेऊन निघताना चपला घालायच्या आधी 'मगर कुठाय' बघायच्या.

काय झालं असणार, हे तिला लगेच कळलं. आदल्या संध्याकाळी वनखात्याच्या नावानं एक निरोप आला होता. फोटोंची पडताळणी राहिली आहे, आलेला अंक इथं भरा. ती शर्यतीतल्या शाळेच्या मुलींच्या होडीचा सराव बघत उभी होती, मन सगळं पाण्यात होतं. तिनं अंक भरून टाकला होता. आता तिचंच खातं तिला आत घेईना.

तिनं खातं पुरवणाऱ्या कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. पलीकडून यंत्राचा गोड आवाज आला. "आपली मूळ किल्ली आपल्याच माणसांकडे आहे. ती आमच्याकडे नसते. कृपया आपल्या किल्लीदारांना भेटा."

भेटा. फोन करा नव्हे, भेटा.

ही पद्धत येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. त्याच्या आधी सगळाच गोंधळ होता. पासवर्ड चोरीला जायचे, म्हणून अंगठ्याचे ठसे आले. ठशांच्या नकला झाल्या, म्हणून चेहरा आला. मग चेहरा, आवाज, हसणं, खोकणंसुद्धा कुणीही घरबसल्या बनवू लागलं आणि मालक कोण, चोर कोण, हे कंपन्यांनाच ओळखू येईना. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं की माणूस ओळखायचं काम माणसांकडेच द्यावं. खात्याच्या मूळ किल्लीचे पाच तुकडे करायचे, ते पाच छोट्या मण्यांत भरायचे आणि आपल्या भरवशाच्या पाच माणसांना द्यायचे. काही घोटाळा झाला, तर त्यांतले कुठलेही तीन मणी एकत्र आणायचे. मूळ किल्ली तयार होते, घुसलेला बाहेर फेकला जातो.

वैजयंतीला हे समजावलं होतं नसीम मुजावरनं. नसीम त्याच शाळेत गणित शिकवायची. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात तिनं फळ्यावर एक ठिपका काढला होता.

"यातून किती सरळ रेघा जातील?"

"हव्या तेवढ्या."

"आणि दोन ठिपके दिले तर?"

"एकच."

"आता चेंडू वर फेकला की हवेत कमान होते, ती घे. ती कमान पक्की करायला तीन ठिपके लागतात." नसीमनं एक ऐसपैस कमान काढली, शेजारी एक उभी रेघ मारली आणि कमान रेघेला जिथं छेदत होती, तिथं खडूनं फुली केली. "ही फुली म्हणजे तुझी किल्ली. कमानीवरचे पाच ठिपके मी पाच जणांना वाटले. कुठलेही तिघे एकत्र आले की कमान पुरी होते, फुली सापडते. पण दोघंच आले तर? दोन ठिपक्यांतून हव्या तेवढ्या कमानी काढता येतात. जगातली सगळी यंत्रं लावली तरी त्यांतली खरी कोणती, ते कळायचं नाही."

"आणि तिघांनी फोनवरून जुळवलं तर?"

"चालत नाही, आणि त्यातच खरी गंमत आहे. मणी एकमेकांना हाक मारतात आणि उत्तर किती वेळात आलं ते मोजतात. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागात प्रकाश जेमतेम फूटभर जातो. उत्तर त्या हिशेबात आलं नाही, तर दुसरा मणी लांब आहे. लांब बसलेला चोर तुझा चेहरा चोरेल, आवाज चोरेल, पण प्रकाशाला जोरात पळवणार कसा? मणी हाताच्या अंतरावरच यावे लागतात."

या मण्यांनी गावोगावी भलतीच उलथापालथ केली. मणी कुणाला द्यायचे, या प्रश्नावर माणसं रात्र रात्र विचार करू लागली. मणी मिळाला नाही म्हणून जावई रुसले. एका घरात सासूनं मुलाला सोडून सुनेला मणी दिला आणि त्याची चर्चा तीन गावांना पुरली. एरवी वर्षानुवर्षं भेटी नसलेली माणसं मण्यांच्या निमित्तानं एकमेकांच्या घरी जाऊन चहा पिऊ लागली.

वैजयंतीनं पाच जण निवडले होते. भरतेश, मुलगा ऋषभ, नणंद पद्मल, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका देशिंगे बाई आणि नसीम.

आता ऋषभ नॉर्वेत होता. पद्मल लेकीच्या बाळंतपणाला गुवाहाटीला गेली होती. भरतेशनं दुकानाच्या गल्ल्यातला आपला मणी आणून तिच्या तळहातावर ठेवला. देशिंगे बाई गावातच होत्या, सकाळी देवळात जात म्हणून फोन उचलत नव्हत्या. त्या केव्हाही भेटल्या असत्या. अडणार होतं ते तिसऱ्या मण्यापाशी. नसीमशी वैजयंती दोन वर्षं बोलली नव्हती.

भांडण झालं होतं मगरीवरून. अंकलगावच्या डोहातल्या मादीचं नाव वैजयंतीनं रखमा ठेवलं होतं आणि पलीकडच्या बोरखडीजवळच्या मादीचं चंपा. नसीमनं फोटोंतल्या शेपटीवरच्या खाचा मोजून स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की या दोन मगरी नाहीत, एकच आहे, आणि बाई एकाच मगरीनं दोन गावांना घाबरवताहेत. वैजयंती म्हणाली, तू गणित शिकव, नदी माझ्याकडे सोड. शब्दानं शब्द वाढला. त्याच आठवड्यात नसीमची बदली बोरखडीच्या शाळेत झाली आणि निरोपसमारंभाच्या दिवशी वैजयंती रजेवर राहिली.

"मी येऊ का बरोबर?" भरतेशनं विचारलं.

"नको. तू पंचायतीत जाऊन भोंग्यावरून सांगायला लाव. डोहाकडे कुणी फिरकू नका म्हणावं."

"गावापुरतं होईल ते. बाहेरगावची माणसं तुझ्या खात्यावर विसंबून येणार."

ते तिलाही ठाऊक होतं. निघण्यापूर्वी तिनं ओळखीच्या एका पंपवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "बाई, डोहावर या असं तुम्हीच सांगितलंय, आता येऊ नका म्हणताय. यातल्या खऱ्या तुम्ही कोण, ते आम्ही कसं ठरवायचं?" त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

स्कूटर पुलावर आली तेव्हा नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती, चहासारखी लाल. वैजयंतीनं वाटेत चार वाक्यं जुळवली, पुसली, पुन्हा जुळवली. बोरखडीच्या वळणावर तिसऱ्यांदा पुसली.

नसीमनं दार उघडलं. हाताला कणीक, कपाळावर चष्मा. ती दारातच उभी राहिली.

"आता तू खरी का?"

"म्हणजे काय?"

"सकाळपासून दुसऱ्यांदा येतेयस. पहिल्यांदा फोनवर आलीस."

नसीमनं दाराशेजारच्या फळीवरचा फोन कोपरानंच पुढे ढकलला. पडद्यावर वैजयंती रडत होती. डोळे पुसत म्हणत होती, "नसीम, चूक माझीच होती गं. मगर एकच होती, तू बरोबर होतीस. मला माफ कर. खातं अडचणीत आलंय. माणूस पाठवते, त्याच्याकडे तुझा मणी देशील?"

वैजयंतीनं ते शेवटपर्यंत बघितलं. 

"मी असं कधीच म्हटलं नसतं," ती म्हणाली. "मगरी दोनच आहेत."

नसीमच्या ओठांचा एक कोपरा हलला. "आत ये," ती म्हणाली. "चप्पल वर कट्ट्यावर काढ, खाली ओल आहे."

खोली तशीच होती जशी नसीमची कुठलीही खोली असायची. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, खिडकीत गुलाबाच्या कुंड्या. वैजयंती खुर्चीच्या कडेवर बसली. नसीमनं हात धुतले, पाणी दिलं आणि समोर बसली.

"खोटं आहे, हे मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. तुझ्या खात्यातले आपले जुने निरोप वाचून कुणीतरी बनवलं असणार. तू आणि माफी?" तिनं कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "तरी तीनदा बघितलं मी ते."

वैजयंतीची वाटेत जुळवलेली चारही वाक्यं कुठल्या कुठं गेली होती.

"या रस्त्यानं जाताना मी गाडी हळू करते," ती म्हणाली. "दर वेळी. तुझ्या दाराशी."

"मग थांबली का नाहीस?"

"कुत्रं होतं."

"ते शेजारच्यांचं आहे. त्याला दातसुद्धा नाहीत."

दोघी एकदमच हसल्या. वैजयंतीला हसता हसता ठसका लागला आणि नसीमनं तिच्या पाठीवर थाप मारली, तशी जशी ती पूर्वी मारायची, गरजेपेक्षा जरा जोरात. मग वैजयंतीनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"निरोपसमारंभाला मी यायला हवं होतं. ते चुकलं माझं. मगरीचं नाही, ते चुकलं."

"हं," नसीम म्हणाली. तिनं कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. घराची किल्ली, कपाटाची किल्ली, आणि मधोमध तो निळा मणी, रोज हाताळून गुळगुळीत झालेला.

"परत पाठवून दिला असतास तरी चाललं असतं."

"तू मागितलास का कधी?" नसीमनं तो कडीतून सोडवला आणि वैजयंतीनं टेबलावर काढलेल्या भरतेशच्या मण्याशेजारी ठेवला. दोन्ही मणी क्षणभर उजळले आणि तिसऱ्याची वाट बघत मंद झाले. "आता देशिंगे बाई ना? चल, मी पण येते."

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर घरपोच पार्सलवाल्या कंपनीचा सदरा घातलेला पन्नाशीचा गृहस्थ उभा होता. छातीवर नाव होतं, सनदी.

"नमस्कार मॅडम. एक लहान पार्सल घ्यायचं होतं. वैजयंती मगदूम यांच्या नावानं नोंद आहे."

नसीमनं दार पूर्ण उघडलं. "या बघा वैजयंती मगदूम. त्यांनाच विचारा."

सनदींनी फोनमधला फोटो बघितला, खुर्चीतल्या बाईकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "मॅडम, तुम्ही स्वतः आलाय, मग मला कशाला एवढ्या लांब बोलावलंत?"

"मी नाही बोलावलं. माझ्या नावानं चोरानं बोलावलंय."

सनदींचा चेहरा उतरला. ते पायरीवर बसले आणि त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "मग अंकलगावच्या त्या म्हाताऱ्या बाईंचं पार्सल पण चोराचंच की काय? सकाळीच घेतलं मी त्यांच्याकडून. मोटारीच्या दुकानातलंही होतं यादीत, पण दुकान बंद मिळालं."

भरतेश त्या वेळी पंचायतीत भोंग्याशी बसला होता. तीन मणी हाती लागले असते, तर चोरच मूळ मालक ठरला असता.

वैजयंतीनं देशिंगे बाईंना फोन लावला. या वेळी त्यांनी उचलला. "अगं, दिला मी मणी त्या माणसाजवळ," बाई म्हणाल्या. "तू फोनवर एवढी रडलीस, मला बघवेना. इतकी वर्षं ओळखते तुला, कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाच शंका यायला हवी होती."

सनदींनी पिशवीतून आगपेटीएवढी डबी काढली, पण ती हातातच धरून ठेवली. ते नियमाचे पक्के होते. "हे असं कुणाला देता येत नाही मॅडम. माझी नोकरी जाईल."

"पाठवणारं नाव कुणाचं आहे?" नसीमनं विचारलं.

"वैजयंती मगदूम."

"आणि पोचवायचं कुणाला?"

"सांगलीतला कसला तरी गाळा आहे."

"पोचायच्या आत पाठवणाऱ्यानं पार्सल परत मागितलं तर?"

सनदी विचारात पडले. त्यांनी फोनवर काहीतरी शोधलं, ओठ हलवत वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. "देता येतं. ओळखपत्र बघून देता येतं. मॅडम, तुमचं ओळखपत्र आहे ना जवळ?"

होतं. सनदींनी ते नीट तपासलं, सही घेतली आणि डबी वैजयंतीच्या हातात दिली.

कणकेचे डाग पडलेल्या त्या टेबलावर तीन मणी शेजारी शेजारी आले. आधी काहीच झालं नाही. मग एकामागून एक ते पेटले, हिरवे, आणि वैजयंतीच्या फोनवर अक्षरं उमटली: मूळ मालक परत आली आहे. बाकी सर्वांना बाहेर काढले आहे.

कमान पुरी झाली होती. दूर कुठंतरी एखाद्या खोलीत बसलेल्या माणसाच्या पडद्यावरून मगरी, पैजा आणि वैजयंतीचा चेहरा एकदमच नाहीसा झाला असणार. सनदींनी टेबलावर वाकून ते हिरवे ठिपके बघितले. "एवढ्याशा मण्यात," ते म्हणाले, आणि नसीमनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. गाळ्याचा पत्ता त्यांनी पोलिसांना सांगायचं आपणहून कबूल केलं.

वैजयंतीनं लगेच थेट प्रक्षेपण सुरू केलं. "बरं का मंडळी, सकाळी तुम्ही जी बघितलीत, ती मी नव्हते. खडकाच्या डोहात रखमा आहे, परवापासून आहे. उद्या तिथं कुणीही—"

"रखमा नाही, चंपा," शेजारून नसीम म्हणाली.

"चंपा पलीकडच्या काठाला असते."

"शेपटीची सातवी खाच बघ जरा."

"मी लोकांना काहीतरी सांगतेय, नसीम."

"मग बरोबर सांग."

खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडायला लागला. मूळ मालकाची हिरवी मोहोर दिसत होतीच, पण तिच्याकडे फार कुणी बघितलं नाही. 'भांडताहेत म्हणजे खऱ्याच आहेत', एका बाईंनी लिहिलं. सकाळच्या त्या पंपवाल्यानं लिहिलं, 'आता पटलं'. 'दोन्ही बाई परत आल्या', कुणी जुन्या विद्यार्थिनीनं लिहिलं, आणि ते वाचून वैजयंतीनं उगाचच चष्मा वर सारला.

दुपारी पंचायतीनं शर्यत डोहापासून वर, देवळाच्या घाटावर हलवली. चारच्या सुमाराला ऊन पडलं आणि एका मासेमारानं फोटो पाठवला. डोहाकाठच्या ज्या सपाट खडकावर बघ्यांची गर्दी होणार होती, त्या खडकावर आठ-नऊ फुटांची मगर तोंड उघडं टाकून ऊन खात पडली होती. आसपास एकही माणूस नव्हता.

रविवारी देवळाच्या घाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. भोंग्यावरून धावतं वर्णन करायचं काम एरवी तलाठी करायचे. या वेळी गावानं ते दोघी बाईंना दिलं. होड्या सुटल्या. वैजयंती प्रवाह कुठं ओढतोय ते सांगत होती आणि नसीम कुठली होडी कितीनं मागं आहे ते, आणि दोघींचं एकाही गोष्टीवर जमत नव्हतं. लोक नदीकडे बघत होते आणि भोंग्याकडे कान लावून हसत होते.

मुलींची होडी निम्म्या वाटेपर्यंत चौथी होती. मग वळण आलं, तेही प्रवाहाच्या उलट जाताना. सराव करताना वैजयंतीनं मुलींना शिकवलं होतं की वळणावर आतल्या अंगाला पाणी संथ असतं. बाकीच्या होड्या मधल्या ओढीशी झगडत राहिल्या. मुलींनी होडी आत घेतली, वल्ही एका तालात पडायला लागली आणि चौथी होडी तिसरी झाली, दुसरी झाली. शेवटच्या टप्प्यात भोंग्यावर काहीच ऐकू येईना, कारण दोन्ही बाई माईक टाकून घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या होत्या. मुलींच्या होडीचं टोक हातभर पुढे निघालं.

ढोल वाजायला लागले. वैजयंती ओल्या साडीचा घोळ पिळत पायरीवर बसली. नसीम शेजारी येऊन टेकली आणि तिनं पर्समधून एक कोरा, पिवळा मणी काढला.

"हा काय?"

"काल रात्री मी पण खातं उघडलं."

"तू? कशाचं?"

"गुलाबाचं. कुंडीतल्या."

"किती जण बघतात?"

"चौघं. त्यात सनदी एक."

"तुझे गुलाब कोण चोरणार आहे, नसीम?"

"कुणीच नाही," नसीम म्हणाली. "पण खातं असल्याशिवाय मणी मिळत नाहीत. आणि मला एक द्यायचा होता."

वैजयंतीनं मणी घेतला. तो कुठं ठेवावा, ते तिला कळेना. मग तिनं गळ्यातल्या मंगळसूत्राचा फासा सैल केला आणि काळ्या मण्यांच्या शेजारी तो पिवळा मणी ओवला. नसीम नदीकडेच बघत राहिली.

मुलींची होडी घाटाला लागली होती. मुली दोघींना हाक मारत होत्या, विजयाच्या फेरीला बाईंनी होडीत बसलंच पाहिजे म्हणत होत्या. दोघींना चार जणींनी धरून आत घेतलं. होडी डावीकडे कलली, उजवीकडे कलली, आणि मग सरळ होऊन भर प्रवाहात निघाली. एक वल्हं वैजयंतीच्या हातात होतं, एक नसीमच्या, आणि दोघींनी ती उलट्या दिशांना मारायला सुरुवात केली.